टॉन्सिल-ॲडिनॉइड आणि मुलाचं रोजचं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घशात टॉर्च मारला की टॉन्सिल किती मोठे आहेत ते दिसतं. मुलाला त्यांचा किती त्रास होतोय, ते मात्र त्या उजेडात दिसत नाही. मोठाले टॉन्सिल असलेलं एखादं मूल रात्रभर शांत झोपतं, आणि मध्यम आकाराचे टॉन्सिल असलेलं दुसरं श्वासासाठी झगडत असतं. म्हणून इथले बहुतेक प्रश्न आकाराबद्दल नाहीत. ते झोप, जेवण, शाळा, कान आणि स्वभाव यांच्याबद्दल आहेत, कारण उपचाराचा निर्णय तिथूनच घ्यायचा असतो.

टॉन्सिल दिसतात, पण ॲडिनॉइड म्हणजे नेमकं काय?

पडजिभेच्या दोन बाजूंना दिसतात ते टॉन्सिल. ॲडिनॉइड नाकाच्या अगदी मागे, मऊ टाळूच्या वर असतं, त्यामुळे तोंड कितीही मोठं उघडलं तरी दिसत नाही. दोन्ही रोगप्रतिकारक पेशींचेच गोळे. ३ ते ६ वर्षांच्या सुमारास, नाकामागच्या जागेच्या मानाने ॲडिनॉइड सर्वांत मोठं असतं. पुढे चेहरा वाढतो, जागा मोकळी होते आणि कुमारवयापर्यंत ते आक्रसत जातं. 'मोठं झाल्यावर आपोआप जाईल' हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण मधली तीन-चार वर्षं मूल कसं झोपतं, कसं ऐकतं, किती खातं, हा प्रश्न त्या वाक्याने सुटत नाही.

आमचं मूल घोरतं. सर्दीत सगळीच मुलं घोरतात ना?

सर्दीपुरतं घोरणं आणि नाक कोरडं असतानाही आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं, यात फरक आहे. दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष द्या. तिथेही सगळ्यात महत्त्वाचा आवाज घोरण्याचा नसून मधल्या शांततेचा असतो. छाती-पोट हलत असतं पण आवाज थांबलेला असतो, मग एक मोठा उसासा किंवा फुरफुर, अंग झटकल्यासारखी हालचाल, कूस बदलणं आणि पुन्हा घोरणं सुरू. मोठ्या माणसांत दहा सेकंदांचा खंड मोजतात. मुलांत दोन श्वासांइतका खंडही धरला जातो, म्हणजे अवघे पाच-सहा सेकंद. पालकांच्या नजरेतून तो सहज निसटतो.

जवळ बसून पाहा. मान मागे टाकलेली, हनुवटी वर, तोंड उघडं, उशीवर लाळेचा ओला डाग. श्वास घेताना गळ्याच्या खळग्यात आणि बरगड्यांखाली कातडी आत ओढली जाते. काही मुलं गुडघे पोटाशी घेऊन पालथी झोपतात, काही उशा रचून जवळजवळ बसून. थंडीतसुद्धा डोकं घामाने भिजलेलं असतं. हे सगळं श्वासाची वाट मोकळी ठेवण्यासाठी शरीराने काढलेले मार्ग आहेत.

व्हिडिओ काढायचा तर कसा?

झोप लागल्यावर लगेच काढलेला व्हिडिओ बहुधा निरुपयोगी ठरतो. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, तेव्हा घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात आणि श्वास अडण्याचे प्रसंग वाढतात. म्हणून पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान काढा. पांघरूण कमरेपर्यंत खाली, सदरा वर, चेहरा आणि छाती दोन्ही एकाच चौकटीत. पंखा शक्य असेल तर बंद, नाहीतर आवाजच ऐकू येत नाही. सलग दोन-तीन मिनिटांचे तीन-चार तुकडे पुरेत. सर्दी नसलेल्या दोन वेगवेगळ्या रात्री निवडा. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा याचा कितीतरी जास्त उपयोग होतो.

'जीवनमान' हे कसं मोजणार? ती तर भावना झाली.

मोजता येतं. श्वास अडणाऱ्या मुलांसाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली ओएसए-१८. त्यात १८ प्रश्न, पाच गटांत: झोपेतला त्रास (४), शारीरिक त्रास (४), भावनिक त्रास (३), दिवसा होणारे परिणाम (३) आणि पालकांची काळजी (४). गेल्या चार आठवड्यांत अमुक गोष्ट किती वेळा घडली, याला १ (कधीच नाही) ते ७ (नेहमीच) गुण द्यायचे. बेरीज १८ ते १२६ च्या दरम्यान येते. ६० पेक्षा कमी म्हणजे परिणाम थोडा, ६० ते ८० मध्यम, ८० च्या वर मोठा.

शेवटचा गट, पालकांची काळजी, काहींना अनावश्यक वाटतो. तो तसा नाही. रात्री चार वेळा उठून मुलाची छाती हलते का ते बघणाऱ्या आईबाबांची झोप हासुद्धा या आजाराचाच भाग आहे.

घसा वारंवार सुजणं आणि श्वास अडणं या दोन्हींसाठी टी-१४ नावाची १४ प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येकी ० ते ५, एकूण ७० गुण. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: या प्रश्नावल्या निदान करत नाहीत. झोपेच्या तपासणीतले (झोपेत श्वास कसा चालतो ते रात्रभर नोंदणाऱ्या चाचणीतले) आकडे आणि हे गुण पुष्कळदा जुळत नाहीत, कारण दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. प्रश्नावलीचा खरा उपयोग तुलनेत आहे. उपचाराआधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा, शक्यतो त्याच व्यक्तीने भरायची. आधी आईने आणि नंतर आजीने भरली तर फरक मुलातला की भरणाऱ्यातला, ते कळणार नाही.

मूल दिवसा पेंगत नाही, उलट सारखं धावत असतं. मग झोप पुरेशीच असणार ना?

हा सर्वांत जास्त दिशाभूल करणारा मुद्दा आहे. झोप अपुरी झालेला मोठा माणूस पेंगतो. लहान मूल चिडतं, हट्टाला पेटतं, एका जागी बसत नाही, क्षुल्लक कारणाने रडतं. तासांनी मोजली तर झोप पुरेशी भरते (३ ते ५ वर्षं वयाला १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ तास), पण ती तुकड्या-तुकड्यांची असते. सकाळी उठवताना रोज झटापट, तोंड कोरडं, डोकं दुखतंय म्हणणं, या खुणा बघा. 'चंचल', 'लक्ष देत नाही' असा शिक्का बसण्याआधी मूल घोरतं का, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

मात्र अपेक्षाही वास्तव ठेवा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'चॅट' या मोठ्या अभ्यासात ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांचे दोन गट केले होते, एका गटाचं टॉन्सिल-ॲडिनॉइड काढायचं ऑपरेशन लवकर आणि दुसऱ्यात थांबून लक्ष ठेवणं. सात महिन्यांनी लक्ष आणि नियोजनक्षमतेच्या औपचारिक चाचणीत दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. वागणूक, झोपेची लक्षणं आणि जीवनमान मात्र ऑपरेशन झालेल्या गटात स्पष्टपणे जास्त सुधारलं. म्हणजे ऑपरेशनने गणिताचे गुण वाढतील असं कोणी सांगत असेल तर ते मान्य करू नका. मूल सकाळी हसत उठेल, ही शक्यता मात्र चांगली आहे.

जेवायला तास तास लागतो, वजन वाढत नाही. याचा टॉन्सिलशी संबंध?

असू शकतो. नाक बंद असलं की एकाच तोंडाने चावायचंही आणि श्वासही घ्यायचा. मूल दोन घास खातं, थांबतं, श्वास घेतं. मोठे टॉन्सिल असतील तर कोरडा, चिवट घास गिळताना अडतो, म्हणून ते घास गालात धरून ठेवतं किंवा फक्त पातळ मागतं. वासच नीट येत नसल्याने चवही फिकी लागते. रात्री श्वासासाठी केलेल्या मेहनतीत उष्मांक खर्च होतात, आणि वाढीचं संप्रेरक ज्या गाढ झोपेत जास्त स्रवतं तीच मोडते. याला 'खायचे नखरे' म्हणून रागावणं मुलावर अन्याय आहे. ऑपरेशननंतर बहुतेक मुलांचं वजन वाढतं. आधीच लठ्ठ असलेल्या मुलांत हीच गोष्ट काळजीची ठरते.

पाच-सहा वर्षांचं झालं तरी अंथरूण ओलं करतं. हेही त्यामुळेच?

नेहमी नाही, पण घोरणाऱ्या मुलात हा दुवा तपासावाच. श्वास अडताना छातीतला दाब बदलतो, हृदयावर ताण येऊन लघवी वाढवणारं संप्रेरक जास्त स्रवतं, आणि थकलेलं मूल भरलेल्या मूत्राशयाच्या जाणिवेने जागं होत नाही. श्वास मोकळा झाल्यावर यातल्या पुष्कळ मुलांचं अंथरूण कोरडं राहू लागतं.

हाक मारली की ऐकत नाही, टीव्ही मोठ्याने लावतं. दुर्लक्ष करतं की ऐकू येत नाही?

आधी कान तपासा. ॲडिनॉइडच्या शेजारीच कानाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड असतं. ते दबलं किंवा तिथे जंतूंचं ठाण बसलं की पडद्यामागे चिकट पाणी साठतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. कानात बोटं घालून ऐकल्यासारखं मुलाला ऐकू येतं, आणि ते कमी-जास्त होत राहतं. त्यामुळेच 'हवं तेव्हा बरोबर ऐकतं' असा समज होतो. पाणी तीन महिन्यांहून जास्त टिकलं तर ऐकण्याची तपासणी करून पुढचा निर्णय घेतात.

नाक खरंच बंद आहे का, हे घरी कसं ओळखावं?

मुलाला 'मामा, नाना, मीना' म्हणायला सांगा. नाक मागून बंद असेल तर 'मामा' चं 'बाबा' आणि 'नाना' चं 'दादा' ऐकू येतं. मग नाकपुड्या चिमटीत धरून तेच पुन्हा म्हणायला लावा. मोकळ्या नाकाचा आवाज लगेच बदलतो. आवाज तसाच राहिला तर नाक आधीपासूनच बंद होतं. दुसरं: थंड केलेला छोटा आरसा नाकाखाली धरा आणि तोंड मिटायला सांगा. दोन्ही बाजूंना वाफेचे डाग उमटायला हवेत. फक्त एकाच बाजूला उमटत असेल आणि दुसऱ्या बाजूने घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर नाकात मणी, खोडरबर असं काही अडकलंय का, ते आधी बघून घ्या.

तोंडाने श्वास घेतल्याने चेहरा बिघडतो का?

वर्षानुवर्षं तोंड उघडं राहिलं तर टाळू अरुंद आणि उंच होणं, वरचे दात पुढे येणं, चेहरा लांबट होणं असे बदल दिसतात. ऑपरेशनने श्वास मोकळा होतो, पण झालेले बदल पूर्ण उलटत नाहीत. त्यासाठी दंतवैद्याची वेगळी मदत लागते.

घसा वर्षातून किती वेळा सुजला म्हणजे 'फार' म्हणायचं?

टॉन्सिल काढायचा विचार करण्यासाठी जगभर वापरला जाणारा हिशेब असा: एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा. त्यातही प्रत्येक वेळी घसादुखीबरोबर यापैकी एक तरी नोंदलेलं हवं: ३८.३ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप, मानेत सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवर पांढरा थर, किंवा स्ट्रेप जंतूची चाचणी पॉझिटिव्ह.

इथे सगळा घोळ आठवणीचा होतो. 'दर महिन्याला आजारी असतो' यात साधी सर्दी, खोकला, पोट बिघडणं सगळं मिसळलेलं असतं. वहीत चार रकाने आखा: तारीख, सर्वांत जास्त ताप, घशात काय दिसलं, शाळा किती दिवस बुडाली. याहून कमी वेळा घसा सुजत असेल तर वर्षभर थांबणं बहुधा योग्य, कारण बऱ्याच मुलांत हे आपोआप कमी होतं. लहान मुलांचा बहुतांश घसा विषाणूंमुळे दुखतो आणि त्याला अँटिबायोटिक लागत नाही. स्ट्रेपसाठी दिलेला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा कोर्स मात्र ताप उतरला तरी पूर्ण करायचा, साधारण १० दिवस. संधिवाताचा ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपा खराब होणं टाळण्यासाठी ते आवश्यक आहे.

झोपेची तपासणी प्रत्येकाला करावी लागते?

नाही. एरवी निरोगी मुलात लक्षणं आणि डॉक्टरांनी घसा-नाक बघून काढलेला निष्कर्ष जुळत असतील तर पुष्कळदा झोपेच्या तपासणीशिवाय निर्णय होतो. दोन वर्षांखालची मुलं, लठ्ठपणा, डाउन सिंड्रोम, चेहऱ्याच्या हाडांचे किंवा स्नायूंचे आजार, सिकलसेल, किंवा लक्षणं आणि टॉन्सिलचा आकार यांचा मेळ बसत नसेल, तर ती करावीच. तासाला श्वास किती वेळा अडला तो आकडा पाहतात. मुलांत १ च्या वर गेला की तो साधारण नाही, ५ पर्यंत सौम्य, १० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. मोठ्यांसाठीच्या मापाने वाचलेला अहवाल मुलाला चुकीने 'नॉर्मल' ठरवू शकतो, म्हणून लहान मुलांचे अहवाल वाचायची सवय असलेल्यांकडूनच करून घ्या.

औषधाने जाईल का?

सौम्य त्रासात, विशेषतः ॲलर्जी असेल तर, नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेने फायदा होतो. पण तो रोज, ६ ते १२ आठवडे, आणि नीट मारला तरच. आधी मिठाच्या पाण्याच्या स्प्रेने नाक साफ करा. मुलाची मान थोडी खाली. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न पडता बाहेरच्या बाजूला जातो. पडद्यावर सतत पडला तर नाकातून रक्त येतं, आणि पालक चौथ्याच दिवशी स्प्रे बंद करतात. जोरात ओढायला सांगू नका, औषध घशात उतरतं.

मॉन्टेलुकास्ट (ॲलर्जीवर पोटात घ्यायचं औषध) दिलं असेल तर वागण्याकडे लक्ष ठेवा. भयानक स्वप्नं, अचानक आक्रमकपणा, उदासी दिसली तर लगेच डॉक्टरांना कळवा. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने याबद्दल या औषधावर सर्वांत कडक इशारा घातला आहे.

ऑपरेशन न करता थांबलो तर?

सौम्य त्रासात थांबणं हा निष्काळजीपणा नाही. वर सांगितलेल्या 'चॅट' अभ्यासात सात महिन्यांनी झोपेची तपासणी ऑपरेशनच्या गटात ७९ टक्के मुलांची सुधारून साधारण पातळीवर आली, पण थांबलेल्या गटातही ४६ टक्क्यांची आली. थांबायचं म्हणजे विसरायचं नव्हे. तीन ते सहा महिन्यांची तारीख ठरवून प्रश्नावली, वजन-उंची आणि व्हिडिओ पुन्हा करायचे. श्वास तीव्र अडत असेल, वजन खुंटलं असेल किंवा हृदयावर ताण दिसत असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय सांगायलाच हवं?

मुलाला किंवा घरात कोणाला रक्त लवकर न थांबण्याचा त्रास, भूल देताना झालेली अडचण, हलणारे दात, गेल्या दोन आठवड्यांतला ताप-खोकला, आणि चालू असलेली सगळी औषधं. पडजीभ दोन टोकांची दिसत असेल किंवा लहानपणी दूध नाकातून यायचं, तर तेही सांगा. टाळूत आतून छुपी फट असू शकते. तशा मुलाचं ॲडिनॉइड पूर्ण काढलं तर आवाज नाकातून जायला लागतो.

ऑपरेशननंतरचे दोन आठवडे कसे जातात?

फक्त ॲडिनॉइड काढलं असेल तर दोन-तीन दिवसांत मूल खेळायला लागतं. टॉन्सिल काढल्यावर मात्र पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून फसू नका. दुखणं तिसऱ्या दिवसानंतर वाढतं, आठवडाभर टिकतं, आणि सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त असतं, कारण रात्रभर घसा कोरडा पडलेला असतो. कान दुखतो, कारण घसा आणि कान दोन्हींची संवेदना एकाच नसेतून जाते. कानात थेंब घालायची गरज नाही. टॉन्सिलच्या जागी पांढरा-पिवळट थर दिसतो. तो पू नव्हे, ती खपली आहे. तोंडाला वास येतो, तोही साधारण १० ते १४ दिवसांत जातो.

वेदनाशामक मूल मागेल तेव्हा न देता, पहिले काही दिवस घड्याळ लावून द्या. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १५ मिलीग्रॅम, दर सहा तासांनी. १६ किलोच्या मुलाला २४० मिलीग्रॅम. चूक होते ती इथे: काही सिरपच्या ५ मिलीत १२० मिलीग्रॅम असतं, काहींच्या ५ मिलीत २५०. पहिल्याचे १० मिली लागतात, दुसऱ्याचे ५ मिलीहून किंचित कमी. 'दोन चमचे' हा सल्ला म्हणूनच धोक्याचा. बाटलीवरचा आकडा वाचा, मापाच्या सिरिंजने द्या, आणि तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेला डोस अंतिम माना. बरोबर आयबुप्रोफेन द्यायचं का, तेही त्यांनाच विचारा. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. कोडीन १२ वर्षांखाली अजिबात नको, आणि या ऑपरेशननंतर १८ वर्षांखालीही नको: काही मुलांच्या शरीरात त्याचं फार झपाट्याने मॉर्फीन होतं, आणि श्वास मंदावून मृत्यू झालेले आहेत.

खाण्यापेक्षा पिणं महत्त्वाचं. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने, दुखणं कमी असताना, घोट घोट पाजा. आंबट आणि तिखट टाळा. चावण्यासारखं खाल्लं तर उत्तमच, त्याने जबडा मोकळा राहतो. दोन आठवडे धावपळ, पोहणं आणि गर्दी नको.

कोणत्या वेळी थेट रुग्णालय गाठायचं?

लाल ताजं रक्त तोंडातून आलं तर, थोडं असलं आणि आपोआप थांबलं तरीही. खपली सुटण्याचा काळ ५ ते १० दिवसांचा, धोकाही तेव्हाच जास्त. रात्री मूल जागं न होता सारखं गिळत असेल तर टॉर्च मारून घसा बघा, ते रक्त गिळत असू शकतं. मुलाला बसवा, पुढे वाकवा, रक्त थुंकू द्या आणि निघा. आठ तासांत लघवी न होणं, श्वासाला त्रास, औषधाने न उतरणारा ताप, या वेळीही थांबू नका.

पाणी नाकातून येतंय, आवाज बदललाय. काही चुकलं का?

मोठं ॲडिनॉइड निघाल्यावर टाळूला नव्या पोकळीची सवय व्हायला वेळ लागतो. काही दिवस ते काही आठवडे चालतं. तीन महिन्यांनीही 'पापा, काका' म्हणताना नाकातून हवा येत असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा.

टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती कमी होते?

तेच काम करणाऱ्या पेशी घशात, नाकात आणि शरीरभर इतरत्रही असतात. ऑपरेशननंतर मूल जास्त आजारी पडतंय असं नेहमीच्या व्यवहारात दिसत नाही. सर्दी-पडसं मात्र पूर्वीसारखंच होत राहील, ते टॉन्सिलमुळे नव्हतंच.

ऑपरेशन झालं, तरी घोरणं पूर्ण गेलं नाही.

पहिले दोन आठवडे सूज असते, तेव्हाचं घोरणं मोजू नका. सहा ते आठ आठवड्यांनीही राहिलं तर कारण शोधावं लागतं: वाढलेलं वजन, नाकाची ॲलर्जी, लहान जबडा, डाउन सिंड्रोम, किंवा पुन्हा वाढलेलं ॲडिनॉइड. हे शेवटचं फार लहान वयात ऑपरेशन झालेल्यांत जास्त दिसतं. तीन महिन्यांनी प्रश्नावली पुन्हा भरा, पहाटेचा व्हिडिओ पुन्हा काढा, आणि दोन्ही घेऊन जा. आधी तपासणीत आजार तीव्र होता त्या मुलांची झोपेची तपासणी, घोरणं थांबलं असलं तरी, पुन्हा करून घ्यावी.